चोखोबांच्या अंगावर भिंत पडली, तेव्हा पापी कोण होते?

२७ जानेवारी २०२३. माघ शुद्ध षष्ठी, शुक्रवार. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी ओसरीवर ज्ञानेश्वरी उघडून बसलो होतो. प्रथम वाटले, रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. आमच्या सावदा-भुसावळच्या पट्ट्यात ट्रकने खिडक्या थरथरणे रोजचेच आहे. पण ट्रकचा आवाज येतो आणि पुढे निघून जातो. हा आवाज पायाखालून आला आणि पायाखालीच राहिला. फडताळातले पितळी डबे एकमेकांवर वाजले, भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीची काच खडखडली, गोठ्यात बसलेली गाय उभी राहिली. दोन-तीन सेकंद असेल सगळे. घरातून हाक आली, "अहो, भुई हालली का?" मी म्हणालो, "हालली खरी."

दुपारपर्यंत कळले, भूकंपच होता. ३.३ इतक्या तीव्रतेचा, म्हणजे सौम्य. आमच्या गावात कोणाची भिंत पडली नाही, कोणाला खरचटलेही नाही. धुळ्याहून व्याह्यांचा फोन आला, "काय व्हयनं हो तठे? आठे ते काहीच समजनं नही." आम्ही दोघेही हसलो. लहानपणी ज्ञानेश्वर माउलींनी भिंत चालवल्याची कथा ऐकून आम्ही घरच्या भिंतीवर बसून तिला चालवायला बघत असू. ती त्या दिवशी, साठी उलटल्यावर, हालली.

गोष्ट इथेच संपली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पाच दिवसांनी माघी एकादशी आली. गावातले बरेच वारकरी पंढरीला गेलेले. आम्ही राहिलेल्यांनी मंदिरात कीर्तन ठेवले. कीर्तनकार महाराज चांगले बोलतात, गळा गोड, पाठांतर मोठे. निरूपण रंगात आले आणि महाराज भूकंपावर घसरले. म्हणाले, "मुक्ताईच्या भूमीत धरणी का हालली? पाप मावेना म्हणून हालली! हा नुसता इशारा आहे. किल्लारीला काय झाले ते आठवा. जिथे धर्म बुडतो तिथे धरणी गिळते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या भजनी मंडळात एक मावशी आहेत. यजमान भुसावळला रेल्वेत होते म्हणून त्या इकडे आल्या. माहेर लातूर जिल्ह्यातले, किल्लारीच्या शेजारचे. १९९३ साली त्यांचा भाऊ, भावजय आणि दोन भाच्या एका रात्रीत गेल्या. मावशी बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सावरला, दाराशी जाऊन चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच निघून गेल्या. मी कीर्तनकारांच्या मागे टाळ घेऊन उभा होतो. मला दिसले. मी काही बोललो नाही. पुढच्या जयजयकाराला टाळही वाजवला. हा लेख म्हणजे त्या दिवशीचे न फेडलेले देणे आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेलो. त्यांनी चहा केला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग म्हणाल्या, "भाऊ, एक भाची सहा वर्षांची होती, एक चार. पाप करायला वेळ तरी मिळायला पाहिजे ना?"

वारकरी सज्जनहो, या प्रश्नाला कीर्तनात उत्तर नाही. जे उत्तर दिले जाते ते वारकऱ्याचे नाही, असे माझे म्हणणे आहे. ते मी आज स्पष्टच मांडतो. कोणाला राग आला तर त्यांनी मला दोन शब्द सुनवावेत. पण मावशींना पुन्हा उठून जावे लागू नये.

किल्लारीची रात्र आधी आठवू. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन झाले. दहा दिवस आरत्या म्हटलेली माणसे उशिरा घरी येऊन झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भुई हादरली. तीव्रता सहाच्या वर. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पन्नासहून अधिक गावे बसली आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. आता महाराजांच्या न्यायाने पाहा. ज्यांनी त्या रात्री देव वाहत्या पाण्यात सोडला, ती पापी. आणि त्याच वेळी जी शहरे जागी होती, जिथे काय काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे, ती पुण्यवान, कारण तिथली घरे उभी राहिली. असा हिशेब लिहिणारा आपला पांडुरंग आहे काय?

आपला देव कसा आहे ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तो पुंडलिकाच्या दारी आला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. त्याने मागे वळून पाहिले नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव रागावला नाही, त्या विटेवर उभा राहिला आणि अजून उभा आहे. ज्याला ताटकळत ठेवले तरी राग येत नाही, तो चार वर्षांच्या पोरीवर माळवद पाडतो असे म्हणणे ही त्याची निंदा आहे. नास्तिक माणूस देव नाही म्हणतो, तेवढ्याने देवाचे काही बिघडत नाही. आपण व्यासपीठावरून देवाला खुनी ठरवतो.

कोणी म्हणेल, ग्रंथांतरी भूकंपाला उत्पात म्हटले आहे, तो अशुभाचा संकेत सांगितला आहे. म्हटले आहे, नाकारत नाही. पण संतांनी पुराणांतले काय उचलले आणि काय ठेवून दिले, हे पाहिल्याशिवाय वारकरी होता येत नाही. संतांची चरित्रेच पाहा. आपल्या खान्देशचेच दैवत घ्या. मुक्ताई तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली. वैशाख वद्य दशमीला आपण तिचा सोहळा करतो. त्या विजेला आजवर कोणी कोप म्हटले? मुक्ताईचे पाप भरले म्हणून वीज पडली असे म्हणायची कोणाची छाती आहे? संतावर वीज आली की ती लीला आणि गरिबाच्या घरावर आढे कोसळले की ते पाप, हे दोन मापांचे तराजू कुठून आणले?

त्याहून मोठी साक्ष मंगळवेढ्याची आहे. चोखोबा तिथे गावकुसाच्या कामावर होते. भिंत कोसळली. चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर तिच्याखाली गेले. परंपरा सांगते, शके १२६०. बातमी पंढरीला पोचली तेव्हा नामदेवराय काय म्हणाले? चोखोबांच्या पूर्वजन्माचा हिशेब काढला? मंगळवेढ्यात पाप फार झाले असे कीर्तन केले? नामदेवराय उठून मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातली हाडे एकेक करून कानाशी लावली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आपण प्रत्येक वारीत तिथे डोके टेकवतो. आपल्या संप्रदायात भिंत पडून माणूस मेल्याची कथा आहे, तिच्यात पापाचा शोध कुठेच नाही. हाडे शोधण्याचे काम मात्र आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याला जिवंतपणी देवळात येऊ दिले नाही त्याची ती हाडे होती. मंगळवेढ्यात पाप नक्कीच होते. पण ते भिंतीखाली गेलेल्यांचे नव्हते.

इथे एक थोर नाव घ्यावे लागते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, दहा हजारांहून जास्त माणसे मेली. महात्मा गांधी म्हणाले, हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेला दंड आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना हे पटले नाही. गांधीजींविषयी त्यांना नितांत आदर, तरी त्यांनी जाहीर विरोध केला. गांधीजींनीही त्यांचा विरोध आपल्या 'हरिजन' पत्रात छापला आणि उत्तर दिले. अस्पृश्यता पाप होते, यात शंका नाही. पण त्या भूकंपात मेलेल्यांत अस्पृश्य नव्हते काय? ज्यांच्यावर पाप केले गेले त्यांच्याच झोपड्या पाडून पाप्यांना शिक्षा देणारा न्यायाधीश कोणत्या कामाचा?

त्याच पापाविरुद्ध आपल्या अमळनेरच्या साने गुरुजींनी काय केले ते पाहा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचने ज्यांनी उतरवून घेतली, ते हे गुरुजी. मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठोबाचे दार हरिजनांना उघडा. दार उघडले. पाप समाजाचे होते आणि प्रायश्चित्त गुरुजींनी स्वतःच्या पोटावर घेतले, मेलेल्यांच्या डोक्यावर नाही. पापाविषयी बोलायचे तर असे बोलावे.

आता प्रारब्धाची गोष्ट. मला हाच प्रश्न विचारला गेला, "तुम्ही प्रारब्ध मानत नाही का?" मानतो. घरात दोन मरणे पाहिली आहेत, प्रारब्ध म्हणूनच सोसली. पण प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी आहे. दुसऱ्याच्या दारी मढे पडलेले असताना "तुझे प्रारब्ध" म्हणणे म्हणजे तोच शब्द काठीसारखा वापरणे. तुकोबांच्या काळात मोठा दुष्काळ पडला, घरातली माणसे अन्नावाचून गेली. त्यांनी लोकांच्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडली, वसुली थांबवली. दामाजीपंतांनी मंगळवेढ्यात सरकारी कोठारे उघडली. आपत्ती आली की आमचे संत आपल्याकडचे सोडत होते, लोकांच्या खात्यावर पाप चढवत नव्हते.

मग भुई हालते कशाने? तेही थोडे समजून घेऊ, कारण अज्ञानाची जागा भीती घेते. भारताची सारी भूमी एका प्रचंड शिळेसारखी आहे आणि ती दर वर्षी चार-पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकते. तिकडे हिमालयाशी रेटा बसतो. तो रेटा मागे आपल्या पोटातल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. नर्मदा आणि तापी ज्या खोऱ्यांतून वाहतात, तिथे अशाच प्राचीन भेगा आहेत. कधी तरी खडक सरकतो, ताण सुटतो आणि वर भांडी वाजतात. यात कोणाच्या पापपुण्याची नोंद नाही. पाऊस जसा सगळ्यांच्या शेतावर पडतो तसेच हे आहे.

दुसऱ्या बाजूनेही एक भ्रम पसरला आहे, तोही मला तितकाच घातक वाटतो. धक्क्यानंतर आमच्याकडे काही माउली म्हणू लागल्या, "मुक्ताईची भूमी आहे, इथे काही व्हायचे नाही." श्रद्धा मोठी आहे, पण माहिती अपुरी आहे. १४ मार्च १९३८ ला आपल्याच सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. तो खोलवर झाला, म्हणून वर हानी थोडी झाली. आमच्या पिढीच्या स्मरणातून तो गेला. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे धक्का बसला, सुमारे १८० माणसे गेली. सरकारी नकाशात १९९३ साली किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, तिथे छोटे धक्के जाणवले होते. आपला तापीकाठ २००२ च्या नकाशात मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आहे. म्हणून घाबरायचे नाही. छोट्या धक्क्यामागून मोठा येतोच असे नसते, आणि "आज रात्री बारा वाजता येणार" असे निरोप मोबाइलवर फिरवणारे खोटे बोलतात. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी विद्या अजून कोणाकडे नाही. ३.३ आणि किल्लारीचा धक्का यांतल्या शक्तीत वीस हजार पटींहून अधिक अंतर आहे. आपण अनुभवले ते काहीच नव्हते. पण काहीच नव्हते म्हणून काही करायचे नाही, हेही बरोबर नाही.

माणसे भूकंपाने मरत नाहीत, घरांनी मरतात. हे वाक्य जाणकार नेहमी सांगतात आणि किल्लारीने ते दाखवून दिले. तिथली घरे जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगळे, मध्ये चुरा भरलेला. वर माळवद आणि दर पावसाळ्याआधी त्यावर चढवलेला मातीचा थर. वर्षानुवर्षांचे ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. आता आपल्याकडे पाहा. खान्देशातली जुनी धाब्याची घरे वेगळी आहेत काय? मृगाआधी आपणही धाब्यावर नवी माती टाकतो, जुनी मात्र काढत नाही. माझ्या घराच्या धाब्यावर आजोबांची माती आहे, वडिलांची आहे आणि माझी आहे. मी यंदा ती खणून पाहिली. हातभर भरली.

पापाचे कीर्तन सोपे आहे, कारण ते ऐकून कोणाला घरी जाऊन काही करावे लागत नाही. धाब्यावरची माती उतरवणे अवघड आहे. पहिल्यात टाळ्या मिळतात आणि दुसऱ्यात घामेजून घमेली वाहावी लागतात. म्हणूनच माझा कीर्तनावर राग आहे. धरणीचा कोप म्हटले की भिंतीचा दोष सुटतो, भिंत बांधणारा सुटतो, दुरुस्ती टाळणारा मीही सुटतो.

तेव्हा माझे मागणे असे. ज्यांना पटेल त्यांनी करावे.

कीर्तनकार महाराजांना साष्टांग दंडवत घालून विनंती, की आपत्तीत मेलेल्यांना व्यासपीठावरून पापी म्हणू नका. समोर कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. त्याऐवजी चोखोबांच्या हाडांची कथा सांगा आणि शेवटी पाच मिनिटे भिंतीविषयी बोला. लोक तुमचे ऐकतात, इंजिनिअरचे ऐकत नाहीत.

मंदिराच्या विश्वस्तांनी सभामंडप, ओवऱ्या आणि जुनी धर्मशाळा एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी. कळसाला सोन्याचा मुलामा पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. नवे बांधताना जोत्याला, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली भिंतीला चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा असावा, दगडी भिंतीत दोन्ही अंगे बांधणारे आरपार लांब दगड असावेत. खर्च फार वाढत नाही.

दिंडीच्या चालकांनी मुक्कामाची जागा घेताना पाण्याबरोबर भिंतही पाहावी. फुगलेली, भेग पडलेली भिंत असेल तर तिच्या कुशीत वारकऱ्यांची पथारी टाकू नये. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते आणि संतांच्या पालख्यांमध्ये लांबचा पल्ला चालते. एवढ्या वाटेवर अशी घरे कितीतरी लागतात.

आणि घरोघरच्या माउलींनी, धाब्याचे ओझे कमी करावे, उशाशी जड मांडणी ठेवू नये, धक्का बसला तर दार जवळ असल्यास मोकळ्यात जावे, नसल्यास पलंगाखाली किंवा भक्कम टेबलाखाली डोके झाकून बसावे. मुलांना हे हरिपाठाबरोबर शिकवावे.

आम्ही गावात सुरुवात केली आहे. मंदिरामागची ओवरी पन्नास वर्षांपासून वाकलेली होती, तिच्याखाली एकादशीला बायका बसत. ती उतरवायचे ठरले. माघ वद्यात चांगदेव-मुक्ताईची यात्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी कामाला हात घातला. भजनी मंडळच मजुरीला होते. मावशींना कोणी बोलावले नव्हते. त्या आपणहून आल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ओळीत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, राहू द्या." त्या म्हणाल्या, "घमेलं इकडे द्या."

ओवरीची माती दोन दिवस निघत होती.

रामकृष्ण हरि.